दुसरा अंगठा

(पत्र्याच्या डब्यांचा कारखाना. तपासणीची खोली. टेबलावर काळ्या डब्यांची रांग, भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन.)

सासरे : ...आणि मी पुन्हा सांगतो, ती बोटं या खोलीतली नाहीत. इथून डबी गेली तेव्हा ती स्वच्छ होती.

सून : बसा ना जरा. मघापासून या टेबलाभोवती दहा फेऱ्या झाल्या तुमच्या.

सासरे : चार वाजता साहेब येणार आणि मी बसू? तू वाच परत, गिऱ्हाइकानं काय लिहिलंय ते.

सून : तीनदा वाचलं.

सासरे : चौथ्यांदा वाच.

सून : एकाचं असतं तर वाचलं असतं. गिऱ्हाईक कंपनीनं डब्या घेणाऱ्या साठ-सत्तर जणांची पत्रं पाठवलीत आणि सगळ्यांचं रडगाणं एकच. सीलबंद वेष्टन फोडलं, सिनेमाच्या डिस्कची डबी बाहेर काढली, तर काळ्यावर आधीच कुणाची तरी बोटं. फडक्यानं पुसायला गेलं तर बोट जात नाही, उलट पुसलं तिथं चमक येते. एकानं लिहिलंय, दोन वर्षं या डबीची वाट बघितली आणि माझ्या आधीच कुणीतरी ती हाताळून गेलं.

सासरे : सिनेमा बघायचा सोडून डब्या काय न्याहाळत बसतात ही माणसं.

सून : तुम्हीच म्हणायचात की, सिनेमा एकदा बघतात, डबी रोज बघतात, म्हणून आपलं घर चालतं.

सासरे : म्हणायचो. आज नाही म्हणत.

सून : चहा सांगू?

सासरे : नको. ही धर. अशी नाही, कडेला धर. सरळ धरलीस तर काय दिसतं?

सून : काळोख.

सासरे : आता जरा तिरपी कर.

सून : नदी. नदीत होडी. होडीत ती नावाडीण, वल्हं उचललेली.

सासरे : काळ्यावर काळं. होडी तेवढी ग्लॉस व्हार्निश, चकचकीत; बाकी सगळं मॅट, बिनचमकीचं. आणि मॅटसुद्धा नेहमीचं नाही, मखमली. बोट फिरवलं तर वाटावं, निवलेल्या राखेवरून फिरवतोय. पाच वेळा भट्टी बदलली मी त्यासाठी. असलं काम दुसरीकडं कुठं झालंय दाखव मला.

सून : कामाबद्दल कुणी वाकडं बोललेलं नाही. होडी बघून लोक वेडे झालेत. पण मास्तर...

सासरे : अरे वा. आता मास्तर झालो. मघाशी तर मामंजी होतो.

सून : या खोलीत मास्तर म्हणायचं हे तुम्हीच ठरवलंत, मी तपासणीला आले त्या दिवशी. घरचं नातं दाराबाहेर, म्हणालात.

सासरे : मग विचार, काय विचारायचं ते.

सून : सकाळी साहेबांना तुम्ही नक्की काय सांगितलंत?

सासरे : खरं ते. या लॉटच्या पॅकिंगला चौघीजणी होत्या. हातमोजे काढून बसतात, मी या डोळ्यांनी पाहिलंय. साहेब म्हणाले नावं सांगा. सांगितली.

सून : आणि चार वाजता साहेब काय करणार, तेही कळलं असेल.

सासरे : उद्यापासून येऊ नका म्हणणार चौघींना. गिऱ्हाइकाला कळवणार, चुकार माणसं काढली, आता काळजी नको. मला काय त्यात आनंद आहे? पण चूक ज्याची, त्यानं ती भोगायची.

सून : जेवणाच्या सुट्टीत मी पॅकिंगला जाऊन आले.

सासरे : कशाला?

सून : त्यातल्या थोरलीनं बोलावलं होतं. ती म्हणाली, मोजे काढतो, खोटं कशाला बोलू. वेष्टनाची कड मोज्यातनं सुटत नाही. आठ वर्षं असंच करतोय, हजारो डब्या गेल्या हातांखालून, कधी बोट राहिलं नाही. आणि मग मलाच विचारलं, बाई, या वेळी डबीलाच काही झालंय का?

सासरे : तिला काय कळतं व्हार्निशमधलं?

सून : काही नाही कळत. म्हणून तर तिनं आडपडदा न ठेवता विचारलं.

सासरे : आणि तू काय म्हणालीस?

सून : मी म्हटलं, बघते. आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही.

सासरे : रजिस्टर काढ. काढ ना. हा लॉट. आता वाच मोठ्यानं.

सून : रंग, ठीक. थर, ठीक. घडी घालताना तडा, नाही. बोटाचा डाग, धरत नाही.

सासरे : खाली सही कुणाची?

सून : तुमची.

सासरे : आणि शेजारच्या रकान्यात?

सून : माझी.

सासरे : झालं तर मग. दोघांनी बघितलं, दोघांनी पास केलं. वाद संपला.

सून : सही माझी आहे, हे खरं.

सासरे : मग चेहरा असा का? बरं, तुला शंका आहे ना? फोड नवीन डबी. माझ्यासमोर फोड. आता बघ. हा अंगठा ठेवला, दाबला, दहा आकडे मोजले. उचलला. ने दिव्याखाली. आहे काही?

सून : नाही.

सासरे : हा दुसऱ्यांदा. हा होडीच्या अगदी शेजारी. आहे?

सून : नाही. काहीच नाही.

सासरे : चौतीस वर्षं. साहेबांच्या वडिलांनी यंत्र आणायचं काढलं होतं, डाग तपासायचं. म्हटलं, कशाला? हा आहे ना. गावभरच्या छापखान्यांतून माणसं येऊन बघून गेली आहेत हा अंगठा.

सून : आता मी ठेवते.

सासरे : ठेव की.

सून : दहा मोजले. बघा.

सासरे : हं.

सून : दिसतंय?

सासरे : तू हातांना क्रीम चोपडून येतेस. घरी बाटली बघतो ना मी, बेसिनवर.

सून : थांबा, धुऊन येते.

सासरे : साबणानं धू.

सून : धुतले. दोनदा. कोरडे केले, हे बघा. आता ठेवते. आठ, नऊ, दहा.

सासरे : घाम आहे तुझ्या हाताला. घाबरली आहेस.

सून : घाबरले आहे, पण घाम कुणाच्या हाताला नसतो? डबी काय देवांच्या हातांत जाणार आहे?

सासरे : दाबायची पद्धत असते, पोरी. तुम्ही खसकन दाबता.

सून : मग माझा अंगठा तुम्ही धरा. तुमच्या हातानं दाबा, तुमच्या पद्धतीनं.

सासरे : आण इकडं. असा. हलकेच. सोड. ...बघ तूच.

सून : उमटला.

सासरे : मग या डबीत खोट असेल. दुसरी फोड.

सून : दुसरी कशाला? मास्तर, डबी तीच आहे. हा तुमचा डाग-नसलेला डाग, आणि त्याच्या शेजारी माझा. एकाच राखेवर.

सासरे : मग तुझं म्हणणं काय? माझा अंगठा खोटं बोलतोय?

सून : मी एक विचारू? रागावू नका.

सासरे : रागावून झालंय माझं. विचार.

सून : फाटकावरचं हजेरीचं मशीन. तुमचा अंगठा ते कधीपासून घेत नाही?

सासरे : ते मशीन भिकार आहे.

सून : बाकी सगळ्यांचा घेतं.

सासरे : सकाळी लवकर येतो मी, तेव्हा ते गार असतं.

सून : रखवालदार म्हणाला, दीड वर्ष झालं, मास्तरांची हजेरी मी वहीत लिहितो. आधी दहा-दहा वेळा दाबायचे, मशीनला शिव्या द्यायचे, आता दाबतही नाहीत, नुसते हात वर करून आत जातात. आणि फोन. तुम्ही ह्यांना सांगून फोनचं कुलूप आकड्यांचं करून घेतलंत. ह्यांनी मला गंमत म्हणून सांगितलं होतं, बाबांचा फोन बाबांनाच ओळखत नाही.

सासरे : तो गंमत करणारच. त्याला सगळ्याचीच गंमत.

सून : हा शिक्क्याचा पॅड आहे. हा कोरा कागद.

सासरे : हे काय चाललंय? मला काय सही येत नाही?

सून : एकदाच. माझ्यासाठी. मामंजी.

सासरे : आता बरे मामंजी आठवले.

सून : आधी मी लावते. हा माझा. बघा, किती रेघा. मधे भोवऱ्यासारखं, आणि ही बारीक चीर कांदा कापतानाची. आता तुमचा.

सासरे : घे.

सून : सोडा आता.

सासरे : शाई जास्त झाली.

सून : दुसऱ्यांदा ठेवा, शाई न लावता. तिसऱ्यांदा. चौथा फिका आला, त्यातही बघा.

सासरे : चष्मा दे.

सून : हा घ्या.

सासरे : नुसता गोळा आहे.

सून : हो.

सासरे : रेघ एक नाही.

सून : नाही.

सासरे : दुसरा हात बघू. ...याच्यावर थोड्या आहेत. कडेला. या उजव्यानंच मी थिनरचं फडकं धरतो. पत्रा पुसायचा, हात पुसायचा, पुन्हा पत्रा. मोजे घातले तर पत्रा कळत नाही म्हणून कधी घातले नाहीत. पॅकिंगच्या पोरींना मोज्यांवरून बोलणारा मी.

सून : थिनर हाताचं तेल ओढून घेतं. घामही धरत नाही मग कातडी. रेघा नाहीत, तेल नाही, घाम नाही. डाग यायचा कुठून?

सासरे : तुझी सासू दोन ओळी म्हणायची. तिनंच जोडल्या होत्या, मी जेवायला बसलो की वाढता वाढता ऐकवायची.
हाताला ह्यांच्या वास, साबणानं जाईना,
घरात आले तरी, कामावरून येईना.
मी हसायचो. मला वाटायचं कौतुक करते आहे.

सून : कौतुकही होतंच त्यात.

सासरे : दीड वर्ष म्हणजे किती लॉट गेले?

सून : बाकीच्यांची काळजी नको. त्यातले बहुतेक ग्लॉस होते. ग्लॉसवर डाग पडला तरी फडक्यानं जातो, तुम्हीच शिकवलंत मला. ग्लॉस आरशासारखा, आलेल्याला दाखवतो आणि गेलेल्याला विसरतो. साधं मॅटही थोडंफार सोसतं. हे मखमली पहिल्यांदाच केलं आपण. हे बोट पोटात घेतं आणि परत देत नाही.

सासरे : मी शिकवलं आणि मीच फसलो.

सून : एकटे नाही फसलात. त्या सहीबद्दल मला बोलायचं आहे.

सासरे : कोणत्या?

सून : रजिस्टरमधल्या. दुसरा रकाना कशासाठी आहे ठाऊक आहे ना? पहिल्यानं अंगठा ठेवायचा, मग दुसऱ्यानं आपला स्वतःचा ठेवायचा, मग सही. मी ठेवला नाही. आजवर कधीच ठेवला नाही, एकाही लॉटला.

सासरे : का?

सून : तुम्ही समोर उभे. तुम्ही नुकताच पास म्हटलेलं. त्यावर मी माझा अंगठा ठेवायचा म्हणजे, सासऱ्यांचा शब्द सुनेनं तपासून घ्यायचा, असं वाटलं. मान खाली घालून सही करत गेले. मनात म्हणायचे, हा आदर आहे.

सासरे : आणि मला बरं वाटायचं. सून तपासत नाही, नुसती सही करते. घरी येऊन तुझ्या नवऱ्याला सांगितलंसुद्धा मी, पोरीला रीतभात आहे.

सून : रीतभात चौघींना महागात पडतेय आता.

सासरे : किती वाजले?

सून : चारला सात कमी. मी काय म्हणते, साहेबांना मी सांगते. दुसरा अंगठा ठेवला नाही ही माझी चूक, तेवढंच सांगते. ते मला बोलतील, फार तर तपासणीवरून काढतील. मी नवीन आहे, मला चालेल. तुमचं नाव निघायला नको.

सासरे : म्हणजे पुन्हा आदर.

सून : अहो, संध्याकाळी एकाच टेबलाशी बसून जेवायचं आहे आपल्याला. तुमचं नाव मी सांगितलं तर मला घास कसा उतरेल?

सासरे : तू नाही सांगायचंस, हे मलाही कळतं. तो कागद इकडं दे.

सून : मामंजी, चौतीस वर्षं आहेत तुमची.

सासरे : म्हणून तर. दे कागद. पायऱ्यांवर वाजतंय, तेच आले.

सून : या, साहेब.

मालक : बसा, बसा, मास्तर. मला पाच मिनिटंच आहेत. त्या चौघींना साडेचारला ऑफिसात बोलावलंय. तुम्ही फक्त इथं सही करा, पॅकिंगमध्ये मोजे न घालता काम करताना पाहिलं म्हणून. गिऱ्हाइकाला तेच पाठवतो, विषय मिटतो.

सासरे : मिटत नाही, साहेब. खोट व्हार्निशमध्ये आहे.

मालक : कुणी सांगितलं?

सासरे : मी सांगतोय. पास मी केलं.

मालक : सकाळी तर तुम्ही...

सासरे : सकाळी मी चुकीचं बोललो. ही डबी घ्या. तुमच्यासमोर ताजी फोडतो, एकही डाग नाही, बघा. अंगठा ठेवा.

मालक : मास्तर, मला खरंच वेळ नाही.

सासरे : दहा आकडे मोजायला लागतो तेवढाच.

मालक : ...बरं. ठेवला.

सासरे : उचला. दिव्याखाली न्या. आता हे फडकं घ्या आणि पुसा.

मालक : चमकलं.

सासरे : आता हा कागद. हा सूनबाईचा अंगठा. आणि हा माझा.

मालक : हा अंगठा आहे?

सासरे : होता. याच्यावर विसंबून तुमच्या चार हजार डब्या पास झाल्या. पोरींच्या हातांत दोष नाही. त्यांचे हात हातांसारखे आहेत.

मालक : मास्तर, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय म्हणताय? पोरींची चूक असेल तर मी चार माणसं बदलतो, लोक विसरतात. व्हार्निशचं असेल तर सगळा लॉट परत. घडी घातलेल्या डबीला पुन्हा भट्टी नाही दाखवता येत, म्हणजे पत्र्यापासून नवं करायचं. गिऱ्हाईक पुढचं काम देईल की नाही देव जाणे.

सासरे : कळतंय.

मालक : तुम्ही मला काही बोलला नाहीत, असं आपण समजू या का? सूनबाई, तुम्ही जरा बाहेर...

सून : मी थांबते, साहेब. दुसरी सही माझी आहे. अंगठा न ठेवता केलेली. ते लिहून मी तुम्हाला देणारच होते.

मालक : तुम्ही दोघं मिळून ठरवून बसला आहात.

सासरे : ठरवलं असतं तर बरं झालं असतं. आत्ता, तुमच्या आधी पाच मिनिटं कळलं.

मालक : मी दप्तर घेऊन इथं यायचो, मास्तर. बाबा मला या टेबलावर बसवायचे आणि म्हणायचे, हा माणूस बोलला की मशीनचं ऐकायचं नाही. आता मी गिऱ्हाइकाला काय सांगू? आमच्या मास्तरांच्या बोटांच्या रेघा पुसल्या गेल्या?

सासरे : तसंच सांगा. खरं आहे. आणि सांगा, नव्या लॉटला मखमलीवर पातळ साधं मॅट फिरवतो, एकच हात. स्पर्श थोडा उणा होईल, डाग धरणार नाही. होडी तशीच राहील.

मालक : आणि डाग धरणार नाही हे ठरवणार कोण?

सासरे : मी नाही. मला तपासणीतून काढा. भट्टीवर ठेवा हवं तर, तिची धग अजून तोंडाला कळते. नाहीतर घरी पाठवा.

मालक : घरी कुठं पाठवू तुम्हाला. ...भट्टीवरच राहा. तुमच्या हाताचं डॉक्टरांना दाखवा आधी. सूनबाई, तुमचं उद्या बोलू, मी आत्ता बोललो तर जास्त बोलेन. आणि साडेचारला पोरी ऑफिसात येतील, त्यांना...

सासरे : त्यांना नका बोलावू. मी जातो त्यांच्याकडं.

मालक : जा. हा कागद मी नेतो.

सून : गेले. पाणी देऊ?

सासरे : नको.

सून : निदान बसा तरी.

सासरे : बसून काय करू. पॅकिंग सुटतं किती वाजता?

सून : साडेपाचला. मी येते बरोबर.

सासरे : तू आलीस तर तुझ्या तोंडाकडं बघून त्या 'जाऊ द्या हो' म्हणतील. मी एकटा असलो म्हणजे मनात आहे ते म्हणतील.

सून : थोरली तोंडाची फटकळ आहे.

सासरे : असू दे. ती खिडकीशी बसते ती कोण, जिच्या हाताला सारखा घाम येतो म्हणून बाकीच्या हसतात?

सून : ती होय. दर तासाला हात धुवायला उठते बिचारी. तिचं काय?

सासरे : सकाळी पहिलं नाव मी तिचं दिलं.

सून : तिला ठाऊक आहे ते. ऑफिसमधून कुणीतरी सांगितलंय.

सासरे : मखमलीवर तिचा अंगठा उमटला नाही, तर कुणाचाच उमटणार नाही. माझ्या जागेवर तिला बसवावं, असं साहेबांना सांगणार आहे.

सून : मग तिलाही सांगा ना आत्ता. खूश होईल.

सासरे : आज नाही. आज नुसती माफी मागतो. पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा द्यायचा नसतो.